कन्फेशन्स (सेंट ऑगस्टीनचा ग्रंथ)

कन्फेशन्स : ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ सेंट ऑगस्टीन (१३ नोव्हेंबर ३५४–२८ ऑगस्ट ४३०) ह्याचा लॅटिन भाषेतील आत्मनिवेदनपर ग्रंथ. तेरा पुस्तकांत विभागलेल्या ह्या ग्रंथाची रचना इ. स. ३९७ च्या सुमारास सुरू होऊन ४०१ पर्यंत पूर्ण झाली असावी. उत्तर आफ्रिकेतील हिप्पो (सध्याचे अल्जीरियातील अन्नाबा) येथे बिशपपदावर येऊन लेखकाला तेव्हा थोडीच वर्षे झाली होती. पाश्चात्त्य वाङ्मयातील पहिले आत्मचरित्र असा ह्या ग्रंथाचा निर्देश वारंवार केला जातो. तो सर्वस्वी चुकीचा नाही. पण त्यामुळे ग्रंथाचा रोख मात्र निसटतो. मनुष्याला चांगले काय ते कळत असूनही ते त्याच्या हातून का होत नाही आणि ते व्हावयाचे असेल तर त्याचे सामर्थ्य कोठून यावे, हा ग्रंथाचा मध्यवर्ती प्रश्न आहे. मानवी दुर्बलता आणि ईश्वरावलंबन ह्यांविषयीच्या ख्रिस्ती चिंतनात ह्या ग्रंथाइतका प्रभाव बायबलखेरीज दुसऱ्या क्वचितच एखाद्या ग्रंथाचा पडला असेल.

ग्रंथनामातील लॅटिन शब्दाला आफ्रिकेतील ख्रिस्ती लोकांच्या बोलण्यात तीन अर्थ होते : पापाची कबुली, श्रद्धेची ग्वाही आणि ईश्वराचे स्तवन. ‘पापनिवेदन’ किंवा ‘कबुलीजबाब’ ह्या मराठी शब्दांत त्यांपैकी पहिलाच येतो. आपल्या वाईट आणि चांगल्या अशा दोन्ही कृत्यांच्या निमित्ताने ही तेरा पुस्तके ईश्वराचे स्तवन करतात, असे ऑगस्टीनने स्वतःच्या ग्रंथांचे पुनरावलोकन करताना ४२७ च्या सुमारास नमूद केले आहे. ग्रंथ आरंभापासून अखेरपर्यंत ईश्वराला उद्देशून द्वितीय पुरुषात लिहिलेला आहे; वाचकाच्या वाट्याला येते ते केवळ श्रवण. ही योजना निव्वळ अलंकारिक नव्हे. जो स्वतःच्या चांगुलपणाचा उगम नाही तो स्वतःच्या कथेचा नायकही होऊ शकत नाही, ही ग्रंथातील धारणा निवेदनपद्धतीतच उतरली आहे. स्तोत्रसंहितेतील शब्द लेखकाच्या वाक्यांत इतके मिसळून गेले आहेत, की प्रार्थनेचे शब्दसुद्धा त्याला दुसऱ्याकडून मिळालेले आहेत असे वाटते. अर्थात हे सर्व लिहिणारा वक्तृत्वशास्त्राचा माजी अध्यापक आहे आणि यमक, विरोध व अनुप्रास ह्यांचा मोह त्याला अनेक ठिकाणी आवरलेला नाही.

टॅगॅस्ट (अल्जीरियातील सूक अह्रास) ह्या लहानशा गावी ऑगस्टीनचा जन्म झाला. आई मोनिका ख्रिस्ती होती, तर वडील आयुष्याच्या अखेरीस त्या धर्मात आले. कार्थेज येथे शिकत असताना सिसरोचा हॉर्टेन्शिअस (आता अंशतःच उपलब्ध) हा संवाद वाचून त्याला तत्त्वजिज्ञासा लागली. पुढे सुमारे नऊ वर्षे तो मानी पंथाचा श्रोता-अनुयायी होता. ३८४ मध्ये मिलान येथे वक्तृत्वशास्त्राच्या अध्यापकपदावर त्याची नेमणूक झाली. तेथे बिशप अँब्रोझ ह्याची प्रवचने आणि नव-प्लेटोमताचे ग्रंथ ह्यांचा त्याच्यावर परिणाम झाला. ३८६ मध्ये त्याचे मनःपरिवर्तन झाले आणि ३८७ च्या ईस्टरला त्याने बाप्तिस्मा घेतला. पहिली नऊ पुस्तके हा वृत्तान्त त्याच वर्षी ऑस्टिया येथे झालेल्या मोनिकेच्या मृत्यूपर्यंत आणून सोडतात.

दुर्बलतेचा विचार ऑगस्टीनच्या आधीही झाला होता. दुराचाराचे मूळ अज्ञानात आहे, असे सॉक्रेटीसने मानले. स्टोइकांच्या मते विवेकी पुरुष स्वतःला पुरेसा असतो. मानी पंथाने पापाची जबाबदारी मनुष्यात शिरलेल्या परक्या तमोद्रव्यावर टाकली. ऑगस्टीनला ह्यांपैकी कोणतेच उत्तर पुरेसे वाटले नाही. पहिल्या दोहोंत मनुष्याच्या बळाविषयी फाजील विश्वास होता आणि तिसऱ्यात जबाबदारी टाळण्याची सोय होती. त्याचा खरा पूर्वसूरी पौल होय. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने स्वतःच्याच अंगी वसणाऱ्या दोन विरुद्ध प्रवृत्तींचे वर्णन केले आहे. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात शरीरातील काट्याचा प्रसंग येतो : तो काढून टाकावा म्हणून पौलाने तीनदा विनवणी केली, काटा गेला नाही, कृपा पुरेशी आहे, एवढेच उत्तर मिळाले. नव-प्लेटोमताच्या ग्रंथांनी गंतव्य दाखविले पण तेथवर नेणारा रस्ता दाखविला नाही, ही सातव्या पुस्तकातील तक्रारही ह्याच दिशेची आहे. ईश्वर मनुष्यरूपाने दुर्बल झाला, ही गोष्ट त्या ग्रंथांत त्याला कोठेच आढळली नाही.

पहिल्या पुस्तकात अर्भकावस्थेपासूनच परावलंबनाचे चित्रण सुरू होते. आईच्या दुधावर जगणारे मूल आणि शाळेत मार बसू नये म्हणून देवाची करुणा भाकणारा, मोठ्यांच्या हसण्याचा विषय झालेला विद्यार्थी ही त्यातील चित्रे सहानुभूतीने रेखाटलेली आहेत. परंतु दूधभावाकडे मत्सराने पाहणाऱ्या तान्ह्या बालकातही ऑगस्टीनला पापाची खूण दिसते; आदिपापाच्या पुढील कठोर सिद्धांताची चाहूल येथेच लागते. दुसऱ्या पुस्तकातील नासपतींच्या चोरीचा प्रसंग विशेष प्रसिद्ध आहे. सोळाव्या वर्षी सोबत्यांबरोबर शेजारच्या झाडाची फळे चोरली, घरी त्याहून चांगली फळे होती आणि चोरलेली बहुतेक डुकरांपुढे टाकली, एवढाच वृत्तान्त. त्याभोवती केलेला ऊहापोह अनेकांना अवाजवी वाटला असून नीत्शेने १८८५ मध्ये ओव्हरबेक ह्या मित्रास लिहिलेल्या पत्रात ह्या प्रसंगाची खिल्ली उडविली आहे. मात्र प्रसंग क्षुल्लक आहे म्हणूनच तो निवडलेला आहे. भूक, गरज, सूड ह्यांपैकी कोणतेही कारण नसताना वाईट करण्यात गोडी का वाटावी, हे मोठ्या गुन्ह्याच्या उदाहरणाने दाखविता आले नसते. आपण एकटे असतो तर हे केले नसते, ही त्याची भर तर गुन्हेगारीच्या आधुनिक अभ्यासकालाही मान्य व्हावी.

सहाव्या पुस्तकात अलिपिअस ह्या मित्राची हकीकत आहे. रोममधील ग्लॅडिएटरांच्या झुंजींचा त्याला तिटकारा होता. सहाध्यायांनी त्याला बळेच प्रेक्षागारात ओढून नेले, तेव्हा शरीराने तेथे असलो तरी डोळे मिटून अलिप्त राहीन, असा त्याने निश्चय केला. लोकांची आरोळी कानी पडताच कुतूहलाने त्याने डोळे उघडले आणि मग मिटले नाहीत. पुढे तोच इतरांना तेथे घेऊन जाऊ लागला. कान उघडे राहिले होते, हा ह्या कथेतील मार्मिक तपशील आहे. निश्चय खोटा नव्हता. तो स्वतःच्या बळावर विसंबलेला होता एवढेच. तत्त्वचर्चेच्या अनेक पृष्ठांपेक्षा ही लहानशी हकीकत ऑगस्टीनचे म्हणणे अधिक नेमकेपणाने सांगते.

आठवे पुस्तक हे ग्रंथाचे शिखर मानले जाते. बौद्धिक शंका येथवर मिटल्या आहेत. राहिला आहे तो संकल्प. मन शरीराला आज्ञा करते आणि हात तत्काळ हलतो. तेच मन स्वतःला आज्ञा करते तेव्हा मात्र विरोध होतो, हे कोडे ऑगस्टीन मांडतो. मानी पंथीयांप्रमाणे दोन आत्म्यांची कल्पना करून तो ते सोडवीत नाही. आत्मा एकच आहे, पण त्याचा संकल्प अर्धामुर्धा आहे; पूर्ण संकल्प असता तर आज्ञेची गरजच उरली नसती, असे तो म्हणतो. ह्या विभागणीचे कारण सवय. विपरीत इच्छेतून वासना, वासनेच्या सेवेतून सवय आणि सवयीला विरोध न केल्यामुळे अपरिहार्यता, अशी कडीला कडी जोडून झालेली साखळी तो दाखवितो. ती साखळी परक्या लोखंडाची नसून स्वतःच्याच इच्छेची आहे. म्हणून तो बद्धही आहे आणि जबाबदारही. जागे व्हावयाचे आहे हे ठाऊक असून अंथरुणात आणखी थोडा वेळ पडून राहणाऱ्या माणसाची उपमा येथे आलेली आहे. मिलानच्या बागेतील अंजिराच्या झाडाखाली अश्रू ढाळीत असताना, उचलून वाचण्यास सांगणारा एका मुलाचा स्वर त्याला ऐकू येतो, तो पौलाचे पत्र उघडतो आणि समोर आलेल्या वचनाने त्याचा संशय फिटतो. ह्या प्रसंगात विजय मिळविला असा सूर नाही. कोणी तरी सोडविले, असा आहे.

येथेच ग्रंथ संपला असता, तर यशस्वी धर्मांतराची एक उत्तम कथा एवढेच त्याचे स्वरूप राहिले असते. सामान्य वाचक बहुधा नवव्या पुस्तकाशी थांबतो. वस्तुतः दहावे पुस्तक हीच ह्या ग्रंथाची कसोटी आहे. आपण पूर्वी कसे होतो ते सांगून झाल्यावर, बिशप म्हणून आज आपण कसे आहोत, हे लेखक येथे सांगतो. स्मृतीच्या विशाल दालनांचे वर्णन करून तो मोहांची मोजदाद करू लागतो. जागेपणी जिंकलेली वासना स्वप्नात परत येते. भूक भागविण्यासाठी खातो की रुचीसाठी, हे त्याला सांगता येत नाही. स्तोत्रांचे गायन ऐकताना आशयापेक्षा स्वरच अधिक हेलावतो काय, ह्या शंकेने तो व्याकूळ होतो. गायन बंद करावे असे क्षणभर त्याला वाटते आणि पुन्हा त्याचे मोल आठवते. माशी पकडणारी पाल किंवा कोळी दिसला की लक्ष तिकडे वेधले जाते. सर्वांत चिवट मोह स्तुतीचा. कारण स्तुतीचा तिरस्कार करण्यातही स्तुतीची हाव असू शकते. ह्या पृष्ठांतील ऑगस्टीन बाप्तिस्म्याने रोगमुक्त झालेला माणूस नाही. तो वैद्याच्या दारी दीर्घकाळ पडून राहणारा रुग्ण आहे, आणि हे रूपक त्याचे स्वतःचेच आहे. ख्रिस्ती समाजात संत आणि पापी ह्यांच्यात सोयीस्कर भिंत उभी करू पाहणाऱ्यांना एका बिशपाने स्वतःविषयी असे जाहीर लिहिणे अडचणीचेच वाटले असेल. पॉसिडिअस ह्या त्याच्या शिष्याने व चरित्रकाराने पुढील वृत्तान्त दिला आहे : व्हँडलांनी हिप्पोला वेढा घातला असता मृत्युशय्येवरील ऑगस्टीनने पश्चात्तापाची स्तोत्रे लिहवून समोरच्या भिंतीवर लावून घेतली होती आणि ती वाचताना त्याचे अश्रू थांबत नसत.

अकराव्या पुस्तकातील कालविषयक विवेचन तत्त्वज्ञानाच्या इतिहासात स्वतंत्रपणे अभ्यासले जाते. बाराव्या व तेराव्या पुस्तकांत उत्पत्तीच्या आरंभीच्या वचनांचा अर्थ लावलेला आहे. आत्मवृत्तानंतर हे भाष्य कशासाठी, असा आक्षेप पुष्कळदा घेतला जातो. निर्माण केलेली प्रत्येक वस्तू निर्मात्याकडे वळल्यानेच आकार धारण करते, हा ह्या पुस्तकांचा विचार लक्षात घेतला तर पूर्वभागाशी त्यांचा सांधा जुळतो. पण वाचनाची गोडी उणावते, हेही खरे.

ग्रंथाने उपस्थित केलेला वाद दहाव्या पुस्तकातील एका प्रार्थनेवरून पेटला. ईश्वराने हवी ती आज्ञा करावी, मात्र तिच्या पालनाचे सामर्थ्यही त्यानेच द्यावे, अशा आशयाचे ते मागणे आहे. रोममध्ये एका बिशपाच्या तोंडून ते ऐकून पेलेजिअस हा ब्रिटनमधून आलेला तपस्वी संतापला, असे ऑगस्टीनने उत्तरायुष्यात लिहून ठेवले आहे. पेलेजिअसची बाजू हलकी नव्हती. नावापुरते ख्रिस्ती झालेले रोमचे उच्चवर्गीय दुर्बलतेची ढाल पुढे करून मनास येईल तसे वागत होते. ईश्वर अशक्य गोष्टीची आज्ञा करणार नाही. निवडीचे सामर्थ्य हीच त्याची देणगी आहे. ती नाकारणे म्हणजे निर्मात्याला दोष देणे होय, असे त्याचे प्रतिपादन होते. ह्या आक्षेपाला कन्फेशन्समध्ये आधीच उत्तर आहे असे म्हणता येईल. आपल्याला हे जमणार नाही म्हणून निराशेत झोपी जाणाऱ्या दुर्बलांना जाग यावी, ह्यासाठी आपण लिहीत आहोत, असे दहाव्या पुस्तकात स्पष्ट म्हटले आहे. पेलेजिअसच्या समर्थ माणसाला पडल्यानंतर जागा नाही. ऑगस्टीनचा माणूस पडलेलाच आहे आणि म्हणून त्याच्यापाशी मागण्यासारखे काही आहे. व्यक्तीच्या अनुभवाचे वर्णन म्हणून ऑगस्टीनची बाजू अधिक खरी वाटते. तिचा सिद्धांत झाला तेव्हा मात्र ती कठोर झाली. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मपरिषदेने पेलेजिअसचे मत त्याज्य ठरविले. नंतरच्या लेखनात ऑगस्टीनने बाप्तिस्म्याविना मरणारी अर्भके दंडास पात्र असल्याचे आणि कृपेसाठी काहींचीच निवड पूर्वनियोजित असल्याचे प्रतिपादन केले. ५२९ मधील ऑरेंजच्या परिषदेने श्रद्धेच्या आरंभासाठीही कृपा आवश्यक मानली, पण कोणी पापासाठीच पूर्वनियोजित असतो हे मत धिक्कारले.

अवलंबनाच्या ह्या तत्त्वाचा आणखी एक परिणाम अधिक गंभीर आहे. डोनेटिस्ट ह्या फुटीर ख्रिस्ती गटाविरुद्ध राजसत्तेचा वापर करण्यास ऑगस्टीनचा सुरुवातीस विरोध होता. पुढे त्याने तो सोडून दिला. ४०८ च्या सुमाराच्या एका पत्रात त्याने सक्तीचे समर्थन केले असून, सवयीच्या साखळीने जखडलेल्या अनेकांना कायद्याच्या भीतीने मोकळे केले, असा त्याचा युक्तिवाद आहे. साखळीची प्रतिमा आठव्या पुस्तकातलीच. बागेत जी साखळी कृपेने तुटली ती आता दंडाने तोडावयाची होती. मनुष्य दुर्बल आहे ह्या सत्यावरून, म्हणून त्याला कोणी तरी वळवावे, असा निष्कर्ष काढणे किती सोपे असते, ह्याचे हे उदाहरण होय. ईश्वरावरील अवलंबनाची जागा येथे संस्थेवरील अवलंबनाने घेतली आणि पुढील शतकांत चर्चच्या अधिकाऱ्यांनी ह्या पत्राचा आधार घेतला.

ग्रंथातही एक उणीव जाणवते. सुमारे पंधरा वर्षे ऑगस्टीनसोबत राहिलेल्या आणि आदेओदातस ह्या त्याच्या मुलाची आई असलेल्या स्त्रीचे नाव ह्यात कोठेच नाही. प्रतिष्ठित विवाहासाठी तिला आफ्रिकेत परत पाठविण्यात आले. अन्य पुरुषाशी संबंध ठेवणार नाही असे व्रत घेऊन ती गेली. मुलगा मागे राहिला. ऑगस्टीन स्वतःच्या रक्ताळलेल्या हृदयाविषयी लिहितो आणि नियोजित वधू वयात येईतो आपण दुसरी स्त्री ठेवली हेही लपवीत नाही. आपल्यापेक्षा ती खंबीर ठरली एवढे तो मान्य करतो. तिच्यावर अन्याय झाला असे मात्र म्हणत नाही. नासपतीच्या झाडाला जेवढा विचार मिळाला तेवढा तिला मिळाला नाही. ईश्वरापुढील दुर्बलतेचा शोध घेताना माणसाने माणसाचे केलेले नुकसान नजरेआड होऊ शकते, ही मर्यादा केवळ ऑगस्टीनची नाही. त्याच्या परंपरेतील पुष्कळ आत्मपरीक्षणपर लेखनात ती आढळते. ह्याउलट मोनिकेच्या मृत्यूचा प्रसंग : शोक हे श्रद्धेला अशोभनीय असे समजून तो अश्रू रोखतो, स्नान करून पाहतो, झोपतो आणि अखेर रडतो. आईसाठी घटकाभर रडलो ह्याला कोणी पाप म्हणाले तरी हसू नये, अशी त्याची विनंती आहे. येथे सिद्धांत मागे पडतो आणि ग्रंथातील सर्वांत निर्व्याज पृष्ठे आपल्यापुढे येतात.

वृत्तान्ताच्या सत्यतेविषयी विसाव्या शतकात बरीच चर्चा झाली. ३८६ च्या अखेरीस लिहिलेल्या तात्त्विक संवादांत बागेतील प्रसंग नाही व त्यांचा सूरही शांत आहे. त्यावरून, ऑगस्टीन तेव्हा ख्रिस्ती धर्माकडे नव्हे तर नव-प्लेटोमताकडे वळला होता, असे मत आल्फारिक ह्याने १९१८ मध्ये मांडले. पिएर कुर्सेल ह्याने १९५० मध्ये बागेच्या दृश्यातील वाङ्मयीन घटक दाखवून दिले. आज दोन्ही मतप्रवाहांत काहीसा समन्वय साधला गेला आहे : घटना घडल्या, परंतु त्यांचा अर्थ दहा वर्षांनी, पौलाच्या पुनर्वाचनानंतर लागला. पीटर ब्राउन ह्याचे चरित्र (१९६७) ह्या दृष्टीने महत्त्वाचे असून, १९९० मध्ये माइन्त्स येथे सापडलेल्या प्रवचनांच्या आधारे त्याने २००० च्या आवृत्तीत आपले चित्र काहीसे सौम्य केले.

पीत्रार्क हा ग्रंथ जवळ बाळगीत असे. ऑगस्टीनच्या नावाने चालणाऱ्या संघातील ल्यूथरने १५२५ मध्ये इरॅस्मसविरुद्ध संकल्पाच्या दास्याचा पक्ष घेतला. पास्कालची पांसे (१६७०) ह्यातील मनुष्याच्या थोरवी व हीनता ह्यांच्या जोडचित्राचा उगमही येथेच शोधावा लागतो. रूसोने हेच शीर्षक घेतले, परंतु त्याचे निवेदन ईश्वराच्या नव्हे तर वाचकांच्या न्यायासनापुढे आहे आणि स्वतःच्या मूळच्या चांगुलपणावर त्याचा भरवसा आहे.

मराठी वाचकाला ह्या ग्रंथात तुकारामांच्या अभंगांतील आत्मपरीक्षण आणि करुणा भाकणे ह्यांचा भास होणे स्वाभाविक आहे. स्वतःचे अवगुण देवापुढे मोजणे, मन आवरत नाही ही कबुली आणि तारण्याचे ओझे देवावर टाकणे, ही साम्ये खरी आहेत. तथापि तुकारामांचे निवेदन एकेका क्षणाचे आहे, तर ऑगस्टीन आयुष्याचा क्रम लावून त्यात कारणे शोधतो; शिवाय वंशपरंपरेने आलेल्या आदिपापाची कल्पना वारकरी विचारात नाही. दोन्ही परंपरांचा सांधा रेव्हरंड नारायण वामन टिळक (मृ. १९१९) ह्यांच्या ख्रिस्ती भजनांत प्रत्यक्ष दिसतो. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी, आपण तुकारामांच्या मार्गाने ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी भूमिका घेतली होती. बाबा पदमनजी ह्यांच्या अरुणोदय (१८८४) ह्या आत्मचरित्रात घर व समाज ह्यांच्याशी झालेला झगडा ठळक आहे. टिळकांच्या अभंगछंदातील रचनांत मात्र वादविवाद मागे पडून उरते ते मागणे, आणि त्या दृष्टीने त्या कन्फेशन्सच्या दहाव्या पुस्तकाला अधिक जवळच्या आहेत.